लोणारचा काठ : गोडे पाणी आणि खारे पाणी

बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही. अरबी समुद्राचा सर्वांत जवळचा किनारा लोणारपासून साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक दूर असून मध्ये सह्याद्रीची रांग आणि दख्खनच्या पठाराचा रुंद पट्टा पसरलेला आहे. तरीही जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, मराठवाड्याच्या सीमेलगत, खाऱ्या पाण्याचा एक काठ आहे. त्या काठावर मंदिरे आहेत, नवरात्रात तेथे यात्रा भरते, वरच्या कडेवर पर्यटकांसाठी निवासाची सोय आहे, आणि एके काळी तेथल्या चिखलातून निघणाऱ्या क्षारावर वऱ्हाडातले साबण करणारे, काचारी व रंगारी आपला धंदा चालवीत. आजच्या प्रवाशाला लोणार सरोवर भेटते ते बहुधा कडेवर उभे राहून पाहण्याचे एक दृश्य म्हणून. परंतु ते पाहण्याचे ठिकाण फार उशिरा झाले. त्यापूर्वी कित्येक शतके ते खाली उतरून जाण्याचे ठिकाण होते, आणि उतरणाऱ्यांचे हेतू मुख्यतः दोन होते : एक स्नानाचा व श्राद्धाचा, दुसरा खार काढण्याचा. यांतला पहिला गोड्या पाण्याशी बांधलेला होता आणि दुसरा खाऱ्या पाण्याशी. लोणारच्या काठाचा इतिहास नीट लावायचा तर तो या दोन पाण्यांच्या संबंधातून लावावा लागतो, कारण तीर्थाची ख्याती, सरकारचा महसूल, शास्त्रज्ञांचे कुतूहल आणि संरक्षणाचे आजचे कायदे हे सारे त्या संबंधाभोवतीच फिरत आले आहेत.

बुलढाणा जिल्ह्याचे परंपरेने दोन भाग मानले जातात. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उत्तरेकडील, पूर्णा नदीच्या काळ्या मातीचा सखल प्रदेश म्हणजे पायनघाट आणि दक्षिणेकडील उंच पठारी प्रदेश म्हणजे बालाघाट. लोणार या बालाघाटात, मेहकरच्या दक्षिणेस आहे. येथे बेसाल्टमध्ये, म्हणजे लाव्हारस थिजून झालेल्या काळ्या पाषाणात, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे जवळजवळ वर्तुळाकार विवर असून त्याची कड भोवतालच्या जमिनीपेक्षा थोडी उंच उठलेली आहे. विवराच्या तळाशी सुमारे १.२ किलोमीटर व्यासाचे सरोवर आहे. या पाण्याला बाहेर पडण्यास वाट नाही. पावसाचे आणि झऱ्यांचे पाणी आत येते, उन्हाने त्याची वाफ होते, आणि पाण्याबरोबर आलेले क्षार मात्र मागेच राहतात. हजारो वर्षे चाललेल्या या क्रियेमुळे सरोवराचे पाणी नुसते खारट न राहता अल्कधर्मी, म्हणजे धुण्याच्या सोड्याच्या द्रावणासारखे, झाले. त्यात सोडियमचे कार्बोनेट, बायकार्बोनेट आणि साधे मीठ अशी तिन्ही द्रव्ये आढळतात. याउलट विवराच्या भिंतीतून पाझरणारे झरे गोडे असून त्यांपैकी ईशान्येकडील ‘धार’ बारमाही वाहते. खडकात मुरलेले ताजे पाणी आणि तळाशी कोंडलेले जुने पाणी अशी दोन पाणी एकाच खोलगट जागेत हाकेच्या अंतरावर असणे, हेच लोणारचे वैशिष्ट्य होय.

लोणारचे तीर्थ म्हणून असलेले महत्त्व प्रथम या धारेचे आहे. विवराच्या कडेवर गोमुखातून पडणारा हा प्रवाह, त्याच्याभोवतीची कुंडे आणि लहानमोठी मंदिरे मिळून जे स्थान तयार झाले आहे, त्याला विरजतीर्थ असेही म्हणतात. जवळच सीता न्हाणी या नावाने ओळखली जाणारी स्नानाची जागा आहे. येथे येणारा यात्रेकरू धारेखाली स्नान करतो, कुंडाचे दर्शन घेतो आणि मगच, इच्छा आणि पायांत बळ असेल तर, तळाकडे उतरतो. सरोवराच्या खाऱ्या पाण्याला असा मान मिळालेला दिसत नाही. लोणारच्या प्रसिद्ध कथेत तर ते पाणी एका दैत्याचे आहे. लवणासुर नावाचा दैत्य भूमिगत विवरात राहून लोकांना छळत असे. विष्णूने दैत्यसूदनाचे रूप घेऊन त्याच्या बिळाचे झाकण दूर सारले आणि त्याचा वध केला. ते बीळ म्हणजे हे विवर, त्यातले पाणी म्हणजे त्याचे रक्त आणि त्यातला क्षार म्हणजे त्याचे मांस, अशी ही स्थलकथा आहे. स्थलकथा, म्हणजे एखाद्या जागेचे रूप व माहात्म्य उलगडण्यासाठी रचलेली कथा, ही भूगोलाचे निरीक्षण आपल्या परीने नोंदवून ठेवत असते. विवर वरून काहीतरी प्रचंड उचकटल्यासारखे दिसते, त्यातले पाणी पिण्याजोगे नाही, आणि त्या पाण्यातून घन पदार्थ निघतो, या तिन्ही गोष्टी या कथेत आलेल्या आहेत.

याच कथेचा नायक लोणार गावातल्या दैत्यसूदन मंदिराचा देव आहे. हे मंदिर तारकाकृती आराखड्याचे, म्हणजे पायाच्या भिंती अनेक कोनांत मोडत नेऊन ताऱ्यासारखा आकार साधलेले, असून त्याच्या बाह्यभिंतींवर मूर्तींचे दाट पट्टे आहेत आणि मंडपाच्या छतावर विष्णूच्या कथांची शिल्पे कोरलेली आहेत. गर्भगृहातील विष्णू पराभूत दैत्यावर उभा आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली असलेली ही वास्तू सर्वसामान्यतः हेमाडपंती म्हणून ओळखली जाते. देवगिरीच्या यादव राजांचा मंत्री हेमाद्री याच्या नावाशी जोडलेली ही संज्ञा मराठीत अशा बांधकामासाठी रूढ आहे की ज्यात घडीव दगड चुन्याशिवाय, खाचा आणि वजनाच्या तोलावर, एकमेकांत बसवलेले असतात. तथापि या पद्धतीची सर्वच मंदिरे हेमाद्रीच्या काळातली नव्हेत, अनेक त्याच्याही आधीची आहेत. गावाच्या वेशीपासून विवराच्या तळापर्यंत या पद्धतीची आणि तिच्या नंतरच्या काळातली इतकी मंदिरे विखुरली आहेत की मध्ययुगात येथे सतत दान येत होते आणि कारागिरांना दीर्घकाळ काम होते, हे त्यावरून सहज दिसते. दगडी पायऱ्यांची लिंबी बारव आणि धारेजवळचे कुमारेश्वर मंदिर हीदेखील याच गोड्या पाण्याच्या परंपरेतली आहेत. बारव म्हणजे पायऱ्यांनी थेट पाण्यापर्यंत उतरता येणारी विहीर. बालाघाटासारख्या पाण्याच्या ओढीच्या प्रदेशात तिला धर्मकृत्याचे मोल होते.

धारेपासून खाली उतरणारी वाट रामगयेच्या मंदिरावरून पुढे काठाकडे जाते. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या सरकारी वर्णनांत या उताराचे आणि काठाचे चित्र मोठे रेखीव आहे. उतारावर रान, त्याच्या पायथ्याशी शिंदीच्या झाडांचा पट्टा, त्याच्या आत चिंचा, त्यांच्याही आत बाभळी आणि अखेरीस पाण्यालगत झाडझुडूप नसलेला उघडा चिखल, अशी वर्तुळामागून वर्तुळे तेथे होती. जमिनीतला खार पाण्याकडे जावे तसा वाढत जातो आणि प्रत्येक झाड त्याला सोसेल तेथे थांबते, हे या रचनेमागचे कारण आहे. कमळजादेवीचे मंदिर या शेवटच्या वर्तुळांच्या सीमेवर, जवळजवळ पाण्याच्या कडेशी उभे आहे. लोणार परिसरातील अनेक घराण्यांची ती श्रद्धेची देवता असून नवरात्रात तिची यात्रा भरते. मंदिराजवळच्या विहिरीला ‘सासू-सुनेची विहीर’ म्हणतात, कारण तिच्या एका बाजूचे पाणी गोडे आणि दुसऱ्या बाजूचे खारे लागते अशी तिची ख्याती आहे. एकाच घरात राहून न मिसळणाऱ्या दोघींची उपमा देऊन लोकभाषेने येथे गोड्या झऱ्याची आणि खाऱ्या सरोवराची सीमारेषाच दाखवून ठेवली आहे. काठावरची इतर मंदिरे, वाघ महादेव, मोर महादेव अशा नावांची, बहुतांशी शिवाची आहेत आणि त्यांतली कित्येक झाडांच्या मुळांनी व दमट हवेने खिळखिळी झालेली आहेत. कडेवर विष्णू आणि तळाशी शिव व देवी अशी ही साधारण विभागणी लक्षात घेण्याजोगी असली, तरी तिच्यावरून संप्रदायांच्या संघर्षाचा निष्कर्ष काढण्यास पुरेसा आधार नाही.

दोन्ही पाण्यांचा एकत्र विचार करणारी सर्वांत महत्त्वाची जुनी नोंद मोगल काळातली आहे. वऱ्हाड १५९६ मध्ये अकबराच्या साम्राज्यात आले आणि त्याचा सुभा, म्हणजे प्रांत, करण्यात आला. सुभ्याचे विभाग ‘सरकार’ या नावाने ओळखले जात. मेहकर हे त्यांपैकी एक सरकार होते आणि लोणार त्याच्या कक्षेत येत असे. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’ या ग्रंथात या सुभ्याचे वर्णन करताना लोणारला विशेष जागा दिली आहे. ब्राह्मण या स्थळाला विष्णुगया म्हणतात आणि पितरांच्या उद्धारासाठी जी तीन गयाक्षेत्रे मानली जातात, त्यांत बिहारमधील ब्रह्मदेवाची, विजापूरजवळची रुद्राची आणि ही विष्णूची, असे तो नोंदवतो. पुढे तो एक कोस लांबरुंद, उंच डोंगरांनी वेढलेल्या कुंडाचे वर्णन करतो. त्याचे पाणी खारट असले तरी काही जागी गोडे लागते, काच आणि साबण यांना लागणारा माल तेथे मिळतो आणि त्यापासून सरकारला चांगले उत्पन्न होते, असे सांगतो. टेकडीवर वृषभाचे मुख कोरलेला एक झरा असून त्याचे पाणी एरवी मोठ्या कुंडात जात नाही, सोमवारी अमावास्या आली म्हणजेच जाते, असेही त्याने लिहिले आहे. हा शेवटचा मजकूर जलशास्त्राच्या कसोटीवर घासून पाहण्याचा नव्हे. सोमवती अमावास्येच्या पर्वणीला तीर्थाचे माहात्म्य वाढते, ही समजूत त्यात प्रतिबिंबित झाली आहे. परंतु वरच्या गोड्या आणि खालच्या खाऱ्या पाण्याचे अलगपण हीच येथली नेहमीची स्थिती असून त्यांचा संगम हा अपवाद आहे, ही जाणीव सोळाव्या शतकाच्या अखेरीस इतकी स्पष्ट होती की दिल्ली-आग्र्याकडच्या दरबारी लेखकापर्यंत ती पोचली, हे या नोंदीचे खरे मोल आहे. श्राद्ध आणि महसूल या दोन्ही गोष्टी त्याने एकाच परिच्छेदात, कसलाही विरोध न जाणवता, मांडल्या आहेत.

हा महसूल ज्या मालावर होता, त्याचे उत्पादन ऋतूंवर अवलंबून असे. पावसाळ्यानंतर सरोवर भरलेले असताना खार पाण्यात विरघळलेला राही. उन्हाळा चढत जाई तसे पाणी काठापासून आत सरके, उघड्या चिखलावर पांढरे थर धरत आणि उथळ भागात तळाशीही स्फटिकांचे कवच तयार होई. मजूर पाण्यात उतरून हे थर फोडत, टोपल्यांनी काठावर आणत आणि वाळवून त्यांची प्रतवारी करत. दल्ला, नमक दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी या प्रकारांची व्यापारी नावे एकोणिसाव्या शतकातील नोंदींत आढळतात. सोडा आणि साधे मीठ यांचे प्रमाण व मालाची घडण, म्हणजे तो खडा आहे, पापुद्रा आहे की भुकटी, यांवरून ही प्रतवारी ठरे. खरेदीदार कोण आणि त्याला माल कशासाठी हवा, हेही प्रतीवर ठरत असे. रसायनशास्त्राची प्रयोगशाळा या प्रदेशात येण्यापूर्वी हाताने, जिभेने आणि डोळ्यांनी केलेले हे पृथक्करण पुरेसे अचूक होते, कारण पुढे विश्लेषण करणाऱ्यांनाही या प्रकारांत क्षारांचे प्रमाण खरोखरच निरनिराळे आढळले.

या खाराचे उपयोग पाहिले म्हणजे लोणारचा काठ वऱ्हाडच्या किती घरांपर्यंत पोचलेला होता, याची कल्पना येते. काच करताना वाळू वितळवावी लागते. नुसत्या वाळूला लागणारी उष्णता गावठी भट्टीला झेपत नाही, परंतु तीत सोडा मिसळला की ती पुष्कळ कमी तापमानाला वितळते, म्हणून बांगड्यांची काच ओढणाऱ्या काचाऱ्यांना या मालाची गरज असे. साबणासाठी तेल किंवा चरबी अल्कलीशी उकळावी लागते, तेथेही हाच खार चाले. घरगुती स्वयंपाकात पापडाच्या पिठात जो पापडखार घालतात, त्याच्या जातीचा हा पदार्थ असल्याने त्याची किरकोळ विक्रीही होई. या साऱ्यांहून महत्त्वाचे गिऱ्हाईक म्हणजे रंगारी. वऱ्हाडात आणि आसपासच्या प्रदेशात आल नावाच्या झाडाच्या मुळांपासून तांबडा रंग काढीत. हा रंग सुती कापडावर सहजी बसत नाही. त्यासाठी कापड आधी तेल आणि खाराच्या पाण्यात पुनःपुन्हा भिजवून वाळवावे लागे, नंतर त्याला तुरटी द्यावी लागे आणि मगच ते आलीच्या मुळांच्या उकळत्या काढ्यात बुडवीत. अशा रीतीने पक्का केलेला रंग धुण्याने जात नसे. लुगड्याच्या तांबड्या रंगाचा टिकाऊपणा असा अंशतः लोणारच्या चिखलावर अवलंबून होता.

वऱ्हाडवरील सत्ता पुढे अनेकदा बदलली. बुलढाणा जिल्ह्यातीलच साखरखेर्डा येथे १७२४ मध्ये निजाम-उल-मुल्कने मुबारिजखानाचा पराभव केला आणि दख्खनमध्ये आपली सत्ता पक्की केली. त्यानंतर नागपूरकर भोसल्यांचा चौथाईचा हक्क आणि निजामाचा अंमल असा दुहेरी कारभार या प्रदेशाने दीर्घकाळ अनुभवला. १८०३ मध्ये असई आणि आडगाव येथील लढायांनंतर भोसल्यांना वऱ्हाडवरील हक्क सोडावे लागले, आणि १८५३ च्या तहाने निजामाने हा प्रांत इंग्रजांच्या हाती सोपवला. या घडामोडींत दरबार बदलले, वसुलीचे अधिकारी बदलले, तरी खार काढण्याची रीत मात्र मोठ्या प्रमाणात तीच राहिली, कारण तिचे वेळापत्रक दरबारांऐवजी उन्हाळा ठरवीत होता. रेल्वेपूर्व काळात मालाची दूरची ने-आण लमाणांच्या बैलांच्या तांड्यांवर चाले आणि त्या व्यवस्थेत लोणार आडबाजूला नव्हते. अजिंठा-जालना आणि मेहकर-वाशीम यांमधल्या वाटांच्या जाळ्यात ते येत असे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे चित्र पालटले आणि त्याची कारणे लोणारपासून फार दूर घडत होती. युरोपात रासायनिक पद्धतीने सोडा तयार करण्याचे कारखाने वाढले. बेल्जियमच्या अर्नेस्ट सोल्वेने १८६० च्या दशकात काढलेल्या पद्धतीने तो स्वस्त आणि एकसारख्या प्रतीचा मिळू लागला. १८६८ मध्ये जर्मनीत अलिझरीन हे तांबडे रंगद्रव्य कृत्रिम रीतीने तयार झाले आणि काही वर्षांतच त्याच्या डब्यांनी आलीच्या मुळांचा बाजार बसवला. आल गेली, तेव्हा तिच्यासाठी लागणाऱ्या खाराचे मोठे गिऱ्हाईकही गेले. त्यातच रेल्वेने भूगोल बदलला. मुंबईहून नागपूरला १८६७ मध्ये पोचलेला लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगाव असा पायनघाटातून गेला, खामगाव कापसाची मोठी पेठ बनले, आणि बालाघाटातले लोणार या नव्या वाहतुकीपासून दूर राहिले. बंदरात उतरलेला परदेशी सोडा रेल्वेने कापसाच्या पेठेपर्यंत येऊ शकत होता, तर लोणारचा खार गाडीवाटेने घाट उतरून त्याच पेठेत न्यावा लागे. नैसर्गिक माल हाताशी असूनही तो महाग पडावा, अशी ही स्थिती होती. विसाव्या शतकात हा उद्योग पुन्हा उभा करता येईल काय, याचा विचार झाला. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ला टूश आणि ख्रिस्ती यांनी १९१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सरोवरातील सोड्याचा उगम आणि साठा यांचीच तपासणी केली होती. भोवतालच्या बेसाल्टची झीज होऊन सुटलेला सोडियम पाण्याबरोबर या बंद खोलगटात येतो आणि बाष्पीभवनाने साठत जातो, असे त्यांनी दाखवले. व्यापाराच्या गरजेतून झालेला हा अभ्यास व्यापाराला फारसा तारू शकला नाही. विज्ञानाच्या मात्र तो कायमचा कामी आला.

विज्ञानाचे लक्ष लोणारकडे त्याआधीच वळले होते. ब्रिटिश अधिकारी जे. ई. अलेक्झांडर याने १८२३ मध्ये हे ठिकाण पाहिले आणि एडिंबरा येथील नियतकालिकात त्याविषयी लिहिले. एकोणिसाव्या शतकातील भूवैज्ञानिकांपुढे कोडे असे होते की चहूबाजूंनी ज्वालामुखीजन्य खडक असताना हे विवर ज्वालामुखीचे मुख म्हणावे, तर त्यातून बाहेर पडलेला लाव्हा कोठेच दिसत नाही. म्हणून जमिनीखाली कोंडलेल्या वाफेचा स्फोट होऊन ते निर्माण झाले असावे, असा तर्क दीर्घकाळ मान्य होता. अमेरिकन भूवैज्ञानिक जी. के. गिल्बर्ट याने १८९६ मध्ये ॲरिझोनातील प्रसिद्ध विवराचा विचार करताना लोणारची तुलना घेतली, आणि दोन्हींबाबत तो वाफेच्या स्फोटाकडेच झुकला. पुढे ॲरिझोनाचे विवर अशनीच्या, म्हणजे अंतराळातून आलेल्या पिंडाच्या, आघाताने झाल्याचे सिद्ध झाले तसा लोणारचा प्रश्नही नव्याने उभा राहिला. १९७३ मध्ये फ्रेडरिकसन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम् यांनी विवरातून काढलेल्या खडकांच्या नमुन्यांत मॅस्केलिनाइट दाखवले. खडकातील फेल्स्पार हे खनिज न वितळता, निव्वळ प्रचंड दाबाच्या धक्क्याने, काचेसारखे होते तेव्हा त्याला हे नाव देतात. ज्वालामुखी असा दाब निर्माण करू शकत नाही. त्यामुळे आघाताचा सिद्धान्त स्थिर झाला. चंद्राचे मोठे भाग बेसाल्टचे असल्याने, पृथ्वीवर बेसाल्टमध्ये झालेले सुस्थितीतील आघातविवर म्हणून लोणारला अपोलो मोहिमांच्या त्या काळात विशेष महत्त्व आले. त्याच्या वयाविषयी मात्र मतभेद राहिले. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे निघाले, तर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन समस्थानिकांवर आधारलेल्या कालमापनाने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांपर्यंत मागे नेले.

या नव्या ख्यातीनेच लोणारला पर्यटनाचे रूप दिले. इंग्रजी अमदानीत जिल्ह्याचे ठाणे थंड हवेच्या बुलढाण्याला होते आणि दौऱ्यावरचे अधिकारी जिल्ह्यातील पाहण्याजोग्या स्थळांची वर्णने गॅझेटियरमध्ये, म्हणजे प्रांताच्या अधिकृत माहितीग्रंथात, घालत. तेव्हापासून कडेवरून दिसणाऱ्या देखाव्याची भाषा सुरू झाली. अशा वर्णनांत तीर्थ आणि खार यांना स्थान होते, पण मुख्य भर निसर्गाच्या चमत्कारावर होता. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने येथे निवासाची सोय केली आणि लोणार हे अजिंठा-वेरूळ, जिजाबाईंचे जन्मस्थान व लखुजी जाधवांची कर्मभूमी असलेले सिंदखेडराजा, मेहकरचे शारंगधर बालाजीचे मंदिर आणि गजानन महाराजांचे शेगाव यांच्या जोडीने एका फेरीतले ठिकाण बनले. या फेरीत प्रवासी सहसा अर्धा दिवस थांबतो, कडेवरून सरोवर पाहतो, दैत्यसूदनाचे शिल्पकाम पाहतो आणि पुढे जातो. काठापर्यंत उतरणारे थोडे असतात, आणि तेथे उतरूनही खार काढण्याच्या कामाची कोणतीही खूण त्यांना दिसत नाही, कारण या धंद्याने मंदिरांसारखी वास्तू मागे ठेवली नाही. टोपल्या, उन्हात वाळणारे ढीग आणि मजुरांच्या पायवाटा यांचे अवशेष टिकत नसतात. परिणामी सरोवर अस्पर्श निसर्ग आहे, अशी समजूत रूढ झाली. वास्तविक तो शतकानुशतके वापरात असलेला, कर भरणारा काठ होता.

संरक्षणाची व्यवस्था या समजुतीच्या काळात उभी राहिली. जून २००० मध्ये विवर आणि लगतचा परिसर मिळून सुमारे ३.६५ चौरस किलोमीटरचे लोणार वन्यजीव अभयारण्य जाहीर झाले. विवराच्या आत होत असलेली शेती बंद झाली आणि काठाचा ताबा महसूल व मंदिर यांच्याकडून बव्हंशी वन विभागाकडे गेला. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी दिसू लागल्याने ते देशभर चर्चेत आले. पाणी आटून क्षारता वाढल्यामुळे खारात राहणारे, तांबूस रंगद्रव्य धारण करणारे हॅलोआर्किया जातीचे सूक्ष्मजीव वाढले होते, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळले. या प्रश्नाची दखल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही घेतली होती. त्याच वर्षी लोणारचा समावेश रामसर स्थळांत झाला. रामसर करार हा १९७१ मध्ये इराणमधील रामसर येथे झालेला, आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रक्षणाचा करार होय. नांदूर मधमेश्वरनंतर हे महाराष्ट्रातील दुसरे रामसर स्थळ ठरले आणि त्याचे क्षेत्र ४२७ हेक्टर मानले गेले. यातून एक गोष्ट अधोरेखित झाली. ज्या खारटपणाला पुराणकथेने दैत्याचे रक्त म्हटले, त्याच खारटपणामुळे हे सरोवर जगभर वेगळे मानले जाते, कारण अन्यत्र क्वचित आढळणारे सूक्ष्मजीव त्याच्यामुळेच येथे टिकून आहेत.

अलीकडच्या वर्षांत काळजी आहे ती याच खारटपणाची. गावाच्या वाढत्या वस्तीचे सांडपाणी, भोवतालच्या सिंचन व पाझर तलावांतून भूगर्भात मुरणारे पाणी आणि चांगल्या पावसाची वर्षे यांमुळे विवरात येणारे गोडे पाणी वाढते, पातळी चढते आणि कमळजादेवीच्या मंदिरासह काठावरच्या वास्तूंना पाण्याचा वेढा पडतो. पाणी पातळ झाले की अल्कधर्मी पाण्यावर जगणाऱ्या जीवांची जागा सामान्य तळ्यातले जीव घेऊ लागतात. खार काढणाऱ्यांच्या काळात पाणी उतरले नाही तर हंगाम बुडे, म्हणून पातळीकडे लक्ष ठेवणारा एक वर्ग काठावर हजर असे. आज ते काम मोजमापाच्या यंत्रांकडे आणि कार्यालयांकडे आहे. उन्हाळ्यात काठ उघडा पडणे हे पूर्वी संकट मानले जात नव्हते, तो कमाईचा काळ होता. पर्यटनाच्या दृष्टीने मात्र भरलेले सरोवर सुंदर आणि आटलेले सरोवर चिंतेचे ठरते. दृष्टीतला हा फरक धोरणातही उतरण्याचा संभव असतो.

लोणारच्या काठाचा इतिहास एकूण पाहता, तेथे येणाऱ्यांचे हेतू बदलत गेले तरी त्यांना बांधणारा नियम एकच राहिला, असे म्हणावे लागते. धारेचे पाणी धारेशी आणि सरोवराचे पाणी सरोवरात, अशा मर्यादेवरच तीर्थ, धंदा आणि विज्ञान या तिघांचे काम चालले. श्राद्धाला गोडे पाणी हवे होते, काचाऱ्याला आणि रंगाऱ्याला खारे, आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाला ते खारे पाणी खारेच राहिलेले हवे आहे. म्हणून काठावर पायऱ्या, उद्याने, निवासगृहे किंवा रस्ते यांची कोणतीही योजना आखताना पहिला प्रश्न सोयीचा नसून पाण्याच्या हिशेबाचा आहे : दर वर्षी विवरात किती गोडे पाणी येते, त्यातले मानवी कारणांनी किती, आणि बाष्पीभवन त्याला पुरे पडते काय. हा हिशेब चुकत गेला, तर कडेवरून दिसणारा देखावा फारसा बदलणार नाही, पाणी कदाचित अधिकच भरलेले दिसेल. पण ज्या पाण्यासाठी वऱ्हाडच्या सुभ्याने कर घेतला आणि जगाने करार केला, ते पाणी तेथे उरलेले नसेल.